कळवायचे कोणाला, किती वेळात आणि पुढे काय?

प्रति,
मा. केंद्रीय मंत्री,
इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : बाल लैंगिक शोषणाचे चित्रण आढळल्यास ऑनलाइन मंचांनी ते पोलिसांना कळवण्यासंबंधीचे नियम

महोदय,

बालकाच्या लैंगिक शोषणाचे छायाचित्र किंवा व्हिडिओ एखाद्या ऑनलाइन मंचावर आढळला, तर तो हटवणे आणि तो पोलिसांना कळवणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत. हटवल्याने चित्र दिसेनासे होते. त्या चित्रातल्या मुलापर्यंत आणि ते काढणाऱ्यापर्यंत पोहोचायचे, तर कुणीतरी पोलिसांना कळवावे लागते. भारतीय कायद्यात दोन्ही कर्तव्ये आहेत. हटवण्याविषयी नियम तपशिलात जातात : किती तासांत, कोणाच्या आदेशाने, कोणत्या अधिकाऱ्यामार्फत. कळवण्याविषयी मात्र दोन-चार वाक्यांत सगळे आटोपते, आणि ती वाक्येही वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली आहेत. मंत्रालयाने हे कर्तव्य गृह मंत्रालय आणि महिला व बालविकास मंत्रालयाशी बोलून एका जागी, मुदतीसह आणि नमुन्यासह लिहून काढावे, अशी या पत्राची मागणी आहे.

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजेच पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या १९व्या कलमानुसार बालकावर लैंगिक गुन्हा घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे ज्याला कळते, त्या प्रत्येकाने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचे असते. डॉक्टर, शिक्षक, शेजारी, नातेवाईक, कोणालाही यातून सूट नाही. या कलमाचे वजन महाराष्ट्राने पाहिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवले नाही, या आरोपावरचा खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि माहीत असूनही न कळवणे हा स्वतःच गंभीर गुन्हा आहे, असे बजावले. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणातही वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवर गुन्हा नोंदवला गेला.

विसावे कलम खास व्यवसायांसाठी आहे. प्रसारमाध्यमे, हॉटेल, लॉज, रुग्णालय, क्लब, स्टुडिओ आणि छायाचित्रणाच्या सोयी, इथे काम करणाऱ्याच्या नजरेस मुलाचे लैंगिक शोषण करणारे कोणतेही साहित्य आले, तर त्याने ते कळवलेच पाहिजे. कायदा लिहिताना डोळ्यांसमोर फोटो स्टुडिओ आणि लॉजचा काउंटर होता, हे या यादीवरून दिसते. कोट्यवधी लोकांचे फोटो रोज साठवणारी कंपनी त्या यादीत नावाने नाही. शिक्षेच्या कलमातही हीच अडचण आहे. एकविसाव्या कलमाप्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कंपनीच्या किंवा संस्थेच्या प्रमुखासाठी एक वर्षापर्यंत कैद आणि दंड अशी वाढीव शिक्षा आहे, पण ती त्याच्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा न कळवल्यास. वसतिगृहाचा अधीक्षक किंवा शाळेचा संचालक या चौकटीत बरोबर बसतो. समाजमाध्यमावरचा गुन्हेगार मात्र कंपनीचा नोकर नसतो, तो ग्राहक असतो. त्यामुळे ज्यांच्या हाती सर्वांत जास्त माहिती येते, त्यांच्यासाठी वाढीव शिक्षेचे पोटकलम जवळजवळ निरुपयोगी ठरते.

पॉक्सो नियम २०२० मधील अकराव्या नियमाने ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. असे चित्रण ज्याला मिळाले किंवा ते कुठे साठवले, पसरवले जात आहे याची माहिती ज्याला मिळाली, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला, स्थानिक पोलिसांना किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर कळवावे, असे हा नियम सांगतो. कळवणारा जर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या अर्थाने मध्यस्थ असेल, म्हणजे लोकांचा मजकूर साठवणारी वा पोहोचवणारी सेवा असेल, तर त्याने नुसते कळवून भागत नाही. आवश्यक साहित्य आणि ते जिथून उगम पावले असण्याची शक्यता आहे तो स्रोतही सुपूर्द करावा लागतो. कोणत्या उपकरणावर ते दिसले, कोणत्या उपकरणावरून आले असावे, कोणत्या मंचावरून आले, हेही कळवायचे असते. नियम चांगला आहे. त्यात दोन गोष्टी नाहीत : किती वेळात कळवायचे, आणि तीन पर्यायांपैकी मध्यस्थाने नेमके कोणाकडे जायचे. ज्या कंपनीचा सर्व्हर परदेशात आहे आणि वापरकर्ता नेमका कुठला हे जिला ठाऊक नाही, तिला ‘स्थानिक पोलीस’ म्हणजे कोणते ठाणे?

दुसरा धागा माहिती तंत्रज्ञान कायद्याचा. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या ६७-ब कलमानुसार बालकांचे लैंगिक चित्रण प्रसिद्ध करणे, पाठवणे, एवढेच नव्हे तर ते शोधणे आणि डाउनलोड करणे हाही गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी सात वर्षांपर्यंत कैद. कलम ७९ मध्यस्थांना संरक्षण देते : वापरकर्त्याने टाकलेल्या मजकुरासाठी मध्यस्थ जबाबदार धरला जात नाही, मात्र त्याने आवश्यक ती काळजी घेतलेली असली पाहिजे. ही काळजी म्हणजे काय, हे २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या मध्यस्थ नियमांत आहे. पन्नास लाखांपेक्षा अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना भारतात अनुपालन अधिकारी, पोलिसांशी चोवीस तास संपर्कात राहणारा अधिकारी आणि तक्रार निवारण अधिकारी नेमावे लागतात. बलात्काराचे वा बाल लैंगिक शोषणाचे चित्रण स्वयंचलित साधनांनी आपणहून ओळखण्याचा प्रयत्न त्यांनी करावा, असे चौथ्या नियमात म्हटले आहे. दरमहा अनुपालन अहवालही द्यायचा असतो. त्यात किती तक्रारी आल्या, काय कारवाई झाली, किती दुवे हटवले, हे येते. त्यातले किती भारतीय पोलिसांना कळवले, हा आकडा देणे बंधनकारक नाही.

प्रत्यक्षात बहुतेक माहिती भारतात येते ती अमेरिकेमार्गे. मोठ्या कंपन्या अमेरिकी आहेत. तिथल्या संघराज्य कायद्यानुसार असे चित्रण आढळले की ते नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रेन या ना-नफा संस्थेच्या सायबर टिपलाइनला कळवणे त्यांना बंधनकारक आहे. ही टिपलाइन १९९८ पासून चालू आहे. कंपन्यांनी आपणहून शोध घ्यावा अशी सक्ती तो कायदा करत नाही, पण अनेक कंपन्या शोध घेतात. त्यासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत हॅश जुळवणीची. मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजचे संगणकशास्त्रज्ञ हॅनी फरीद यांनी २००९ मध्ये तयार केलेल्या फोटोडीएनए या साधनाने ती रूढ केली. आधी ओळख पटलेल्या प्रत्येक चित्रापासून एक अंकमालिका काढून ठेवतात. नवे चित्र आले की त्याची मालिका यादीशी ताडून पाहतात. चित्र थोडे लहान केले, रंग बदलले तरी जुळणी होते, आणि कोणा माणसाला ते चित्र पुन्हा पाहावे लागत नाही.

अशा अहवालांपैकी भारताशी संबंध असलेले अहवाल राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येतात. त्यासाठीचा करार २६ एप्रिल २०१९ रोजी झाला. पुढे राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलमार्फत ते राज्यांकडे आणि राज्यांकडून जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्याकडे जातात. महाराष्ट्र सायबर विभागाने याच माहितीवरून ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ राबवले आणि राज्यभर गुन्हे दाखल झाले. हे पोर्टलही एका पत्रातून जन्मले. हैदराबादच्या प्रज्वला संस्थेने २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून लैंगिक अत्याचारांचे व्हिडिओ कसे फिरत आहेत हे दाखवून दिले होते. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, समिती नेमली, आणि २०१८ मध्ये महिला व बालकांविरुद्धच्या सायबर गुन्ह्यांसाठी पोर्टल सुरू झाले.

जिल्ह्याच्या ठाण्यात अहवाल उघडल्यावर काय दिसते, हे समजून घेतल्याशिवाय नियमात काय हवे ते कळणार नाही. साधारणपणे खात्याचे नाव असते, ईमेल किंवा मोबाइल क्रमांक असतो, फाइलचा हॅश, अपलोडची तारीख-वेळ आणि आयपी पत्ता असतो. वेळ बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. यूटीसीप्रमाणे १४ तारखेचे १९.४० म्हणजे भारतातली १५ तारखेची पहाट, एक वाजून दहा मिनिटे. दूरसंचार कंपनीला पत्र लिहिताना हे साडेपाच तास जोडायचे राहिले, की भलत्याच ग्राहकाचे नाव हाती येते. त्याहून मोठी अडचण आयपी पत्त्याची. मोबाइल इंटरनेटवर एकच सार्वजनिक आयपी पत्ता एकाच क्षणी असंख्य ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. त्यातला नेमका ग्राहक सापडायला पोर्ट क्रमांक लागतो. कंपनीने तो नोंदवलाच नसेल तर तपासी अंमलदाराच्या हाती मोठी यादी उरते आणि तपास तिथेच थांबतो. फोन क्रमांक असला तरी सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर, माणूस कामासाठी तिसऱ्या जिल्ह्यात, अशा वेळी कागद एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात वर्ग होत राहतो. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे, पण अहवाल हाती येईपर्यंत गेलेला काळ ती भरून काढू शकत नाही.

हा काळ महत्त्वाचा आहे, कारण नोंदी कायम राहत नाहीत. २०२१ च्या नियमांप्रमाणे हटवलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी मध्यस्थाने तपासासाठी १८० दिवस जपायच्या असतात. दूरसंचार कंपन्यांना मात्र डिसेंबर २०२१ पासून परवान्याच्या अटींनुसार नोंदी दोन वर्षे ठेवाव्या लागतात. म्हणजे सहा महिन्यांनी चौकशी पोहोचली तर मोबाइल कंपनीकडे निम्मा पुरावा असतो आणि तो जोडायचा दुसरा निम्मा पुरावा मंचाकडून नियमानुसारच पुसला गेलेला असतो. अमेरिकेने हीच चूक ७ मे २०२४ च्या रिपोर्ट कायद्याने दुरुस्त केली. तिथली ९० दिवसांची मुदत एक वर्ष झाली. त्याच कायद्याने जाणूनबुजून न कळवणाऱ्या कंपनीवरचा दंडही वाढवला : दरमहा दहा कोटी किंवा अधिक वापरकर्ते असलेल्या कंपनीला पहिल्या वेळी साडेआठ लाख डॉलरपर्यंत, पुढच्या वेळी दहा लाख डॉलरपर्यंत. भारतात मुदत किमान एक वर्ष, आणि तपास यंत्रणेने कळवल्यास त्याहून अधिक, अशी करणे हे एका अधिसूचनेचे काम आहे.

आता आकडे. अमेरिकी टिपलाइनकडे २०२३ मध्ये सुमारे ३ कोटी ६२ लाख अहवाल आले. त्यांतले सुमारे ८९ लाख भारताशी जोडलेले होते, कोणत्याही देशापेक्षा जास्त. मार्च २०२४ अखेरपर्यंत ६९ लाखांहून अधिक अहवाल राज्यांना पाठवले गेल्याचे केंद्र सरकारने सांगितले आहे. दुसऱ्या बाजूला, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये बालकांविरुद्धच्या सायबर गुन्ह्यांची देशभरातली नोंद होती १,८२३. या दोन संख्या शेजारी ठेवून ‘पोलीस झोपले आहेत’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो बरोबर नाही. एक अहवाल म्हणजे एक मूल किंवा एक गुन्हेगार नव्हे. एकच व्हिडिओ हजारो खात्यांतून फिरला की हजारो अहवाल तयार होतात. फेसबुकने २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील आपल्या अहवालांची छाननी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक मजकूर केवळ सहा व्हिडिओंच्या प्रतींचा निघाला. पाठवणाऱ्यांपैकी अनेकांचा हेतू मुलांना इजा करण्याचा नव्हता. ते संतापाने किंवा चीड दाखवण्यासाठी पाठवत होते. ‘हा नराधम पकडला जाईपर्यंत फॉरवर्ड करा’ असे लिहिलेला व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर कसा फिरतो, हे कोणाला सांगायला नको. पाठवणाऱ्याला आपण मुलाला मदत करतो आहोत असे वाटते. त्या मुलाचा चेहरा मात्र आणखी शंभर फोनवर जातो, आणि पाठवणे हा ६७-ब खाली गुन्हाच आहे.

म्हणूनच अहवालांची प्रतवारी हवी. प्रत्यक्ष शोषण चालू आहे, मूल आजही धोक्यात आहे, अशी खूण ज्या अहवालात आहे तो जुन्या व्हायरल व्हिडिओच्या ढिगाखाली गाडला जाता कामा नये. नवीन, यादीत नसलेले चित्रण, एकाच खात्यातून लहान मुलांशी अनेक संभाषणे, पैशाची देवाणघेवाण, चित्रण प्रसिद्ध करण्याची धमकी : यातले काहीही दिसले तर मंचाने काही तासांत, फोनवरूनसुद्धा, पोलिसांना कळवले पाहिजे. जुना हॅश जुळला आणि दुसरे काही नाही, तर आठवड्याभरात एकत्रित अहवाल चालेल. ही विभागणी कंपन्यांच्या मर्जीवर सोडण्याजोगी नाही. नियमातच तिचे निकष असावेत.

सर्वोच्च न्यायालयाने यातला एक मोठा प्रश्न सोडवून दिला आहे. जस्ट राइट्स फॉर चिल्ड्रेन अलायन्स खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. असे चित्रण खासगीत डाउनलोड करणे व पाहणे हा गुन्हा नाही, असे मद्रास उच्च न्यायालय म्हणाले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातला मध्यस्थांविषयीचा भाग वर्तमानपत्रांत कमी आला, पण तो या विषयात सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या संस्थेला कळवले म्हणजे काम झाले, असे मध्यस्थांना म्हणता येणार नाही. पॉक्सोत सांगितलेल्या भारतीय यंत्रणेलाही त्यांनी कळवले पाहिजे, आणि तसे केल्याशिवाय कलम ७९ चे संरक्षण मागता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. कर्तव्य आता निःसंदिग्ध आहे. ते पार पाडायची पद्धत लिहिणे हे काम कार्यकारी शाखेचे. मंत्रालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्स, यूट्यूब आणि टेलिग्राम यांना नोटिसा दिल्या होत्या आणि संरक्षण काढून घेण्याचा इशारा दिला होता. नोटीस त्या तीन कंपन्यांपुरती आणि त्या वेळेपुरती असते. नियम पन्नास लाख वापरकर्त्यांच्या आतल्या छोट्या ॲपलाही लागू होतो, आणि गुन्हेगार मोठ्या मंचावरून हाकलले गेले की अशाच छोट्या ॲपकडे वळतात.

नव्या नियमात कळवण्याचा एकच दरवाजा असावा. मध्यस्थांसाठी राष्ट्रीय पोर्टलवर स्वतंत्र, यंत्राने यंत्राला जोडणारी सोय केली, तर कंपनीला ठाणे शोधत बसावे लागणार नाही आणि त्याच क्षणी अहवाल संबंधित राज्याकडे जाईल. नमुन्यात आयपी पत्त्यासोबत पोर्ट क्रमांक, यूटीसी आणि भारतीय अशा दोन्ही वेळा, खाते उघडल्याची नोंद आणि मजकूर माणसाने पाहिला की केवळ यंत्राने ओळखला, या गोष्टी सक्तीच्या असाव्यात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमाखालचे प्रमाणपत्रही सोबतच यावे. त्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवायचा असतोच. तो पहिल्याच दिवशी मिळाला तर खटला उभा राहताना, दोन-तीन वर्षांनी, परदेशातल्या कंपनीकडे पुन्हा हात पसरावे लागणार नाहीत. पॉक्सोचे पंधरावे कलम कळवण्याच्या हेतूने साहित्य जवळ ठेवणाऱ्याला सूट देते, पण ‘विहित केल्याप्रमाणे’. कंपनीने ती प्रत कशी ठेवायची, कोणाला उघडता येईल, किती दिवसांनी नष्ट करायची, हे विहित केलेले नाही. मुलाच्या शोषणाचे चित्रण पुराव्याच्या नावाखाली ढिसाळ पद्धतीने साठवले जाणे ही त्या मुलाशी दुसरी क्रूरता ठरेल.

चुकीच्या अहवालांचा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवा. अमेरिकेत २०२१ मध्ये एका वडिलांनी आजारी मुलाच्या गुप्तांगाचे फोटो डॉक्टरला दाखवण्यासाठी काढले. ते आपोआप क्लाउडवर चढले, यंत्राने ते शोषण समजले आणि त्यांचे खाते बंद झाले. पोलिसांनी तपास करून गुन्हा नसल्याचे सांगितले, तरी खाते परत मिळाले नाही. हॅश जुळवणीत अशी चूक क्वचित होते. नवे चित्र ‘ओळखणाऱ्या’ यंत्रात ती अधिक होते. भारतात आरोपाची नुसती कुणकुण लागली तरी माणूस गावातून उठतो. त्यामुळे हॅश न जुळलेला प्रत्येक अहवाल प्रशिक्षित माणसाने पाहिल्याशिवाय पोलिसांकडे जाऊ नये, आणि खातेदाराला दाद मागायची जागा असावी. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर खटला होत नाही, हे पॉक्सोच्या १९व्या कलमात आहेच. निष्पाप ठरलेल्याचे नाव यंत्रणेतून कसे पुसायचे, हे कुठेच नाही.

दुसरा नाजूक गट किशोरवयीन मुलांचा. सतरा वर्षांच्या मुलीने मित्राला स्वतःचा फोटो पाठवला, तर तो फोटो कायद्याच्या व्याख्येत बसतो. पंधरावे कलम आणि ६७-ब, दोन्हींत अशा मुलांसाठी वेगळी वाट नाही. यंत्राने पकडलेला तो फोटो अहवाल होऊन ठाण्यात आला, की ज्या मुलीला संरक्षण हवे तीच आरोपी म्हणून बाल न्याय मंडळापुढे उभी राहण्याची भीती. अहवालाच्या नमुन्यात ‘समवयस्कांतील देवाणघेवाण’ असा स्वतंत्र रकाना असावा आणि अशी प्रकरणे आधी बालकल्याण समितीकडे जावीत. धमकी, पैसे किंवा प्रौढ व्यक्तीचा सहभाग दिसला, तर वाट वेगळी.

कूटबद्ध संदेशांविषयी वाद सर्वांत मोठा आहे आणि इथे त्यावर थोडेच पुरे. २०२१ च्या नियमांनी संदेशाचा पहिला प्रवर्तक शोधून देण्याची जबाबदारी टाकली, आणि त्या तरतुदीला त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. ॲपलने ऑगस्ट २०२१ मध्ये फोनमध्येच फोटो तपासण्याची योजना जाहीर केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती सोडून दिली. मेटाने डिसेंबर २०२३ पासून मेसेंजरमध्ये टोकापासून टोकापर्यंत कूटबद्धता सरसकट लागू करायला सुरुवात केली. या वादाचा निकाल लागेपर्यंत कळवण्याचे नियम थांबवून ठेवायचे कारण नाही. कूटबद्ध सेवेतही ग्रुपचे नाव, प्रोफाइलचे चित्र आणि वापरकर्त्याने स्वतः तक्रार म्हणून पाठवलेले संदेश कंपनीला दिसतात. तेवढ्यावरूनही मुलापर्यंत पोहोचता येते, तक्रार करण्याचे बटण माणसाला सापडले तर.

ते बटण अनेकदा सापडत नाही, सापडले तर कळत नाही. पॉक्सोने पोलिसांना मुलाची माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवायला लावले आहे आणि गरज पडल्यास दुभाष्या द्यायला सांगितले आहे. मंचांवर असे बंधन नाही. शोषणाची तक्रार करायला बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला किंवा त्याच्या आजीला मराठीत, कोकणीत, गोंडी बोलणाऱ्या भागात निदान चित्रांच्या साह्याने वाट दाखवली गेली पाहिजे, आणि त्याच पडद्यावर १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक दिसला पाहिजे. मुंबईतल्या प्रेरणा संस्थेच्या आरंभ इंडिया उपक्रमाने सप्टेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनच्या मदतीने असे चित्रण कळवण्याचे पोर्टल सुरू केले, सरकारी पोर्टलच्या दोन वर्षे आधी. एका स्वयंसेवी संस्थेला जमते ते पन्नास लाख वापरकर्त्यांच्या कंपनीला न जमण्यासारखे नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांसाठी नवी व्याख्या लागणार नाही. खऱ्या मुलापासून वेगळे ओळखता न येणारे संगणकनिर्मित चित्र २०१९ च्या दुरुस्तीनेच पॉक्सोच्या व्याख्येत आले आहे. अडचण कामाची आहे. अशी चित्रे कोणत्याच यादीशी जुळत नाहीत, आणि नसलेल्या मुलाचा शोध घेण्यात तपास पथकाचे दिवस जातात. उलट कधी चेहरा शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोतून उचललेला असतो आणि ते मूल अगदी खरे असते. चित्र कृत्रिम असल्याची शंका असल्यास ती, आणि ज्या साधनाने ते बनवले त्याची माहिती, मंचाने अहवालातच नोंदवावी. चित्रे बनवून देणाऱ्या सेवांनाही कळवण्याचे बंधन तसेच लागू असल्याचे नियमात नावाने लिहावे.

शेवटची मागणी हिशेबाची. किती अहवाल आले, किती मंचांनी थेट भारतीय पोर्टलवर कळवले, राज्यांकडे पाठवायला सरासरी किती दिवस लागले, किती गुन्हे दाखल झाले, किती मुले ओळखली गेली आणि संरक्षणात आली, किती अहवाल चुकीचे निघाले, न कळवल्याबद्दल किती मध्यस्थांवर कारवाई झाली : हे आकडे राज्यवार आणि मंचवार दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. त्यात कोणाचे नाव येत नाही, त्यामुळे मुलाची ओळख गुप्त ठेवण्याच्या तरतुदीला बाध येत नाही. नियम लागू झाल्यापासून एका वर्षाच्या आत पहिला अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा, आणि त्याची प्रत प्रत्येक राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाला पाठवावी.